काढा चालेल का, हे बाईने कुणाला विचारायचे?

बाळंतपणानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाईचे डोके असह्य दुखू लागले, उलट्या झाल्या, फिट आली, एका बाजूचे हातपाय लुळे पडले, तर कित्येक घरांत आजही ‘बाळंतवात’ म्हणून काढा पाजला जातो. मेंदूतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल, तर यात मोलाचा वेळ जातो. बाळंतपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती मुळातच वाढलेली असते. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची रीत त्यात भर घालते.

गुठळी वाढू न देणारे हेपारिन आणि नंतर काही महिने वॉर्फरिनसारख्या गोळ्या, हा यावरचा मुख्य उपचार. जर्मनीतल्या एका छोट्या चाचणीचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. हेपारिन दिलेल्या १० रुग्णांपैकी कोणीही दगावले नाही. न दिलेल्या १० पैकी ३ दगावले. काढ्याने ही गुठळी विरघळते, असा भरवशाचा पुरावा मात्र नाही.

मग जोडीला वनौषधी घ्यायला काय हरकत आहे? हरकत आहे. स्वयंपाकातली लसूण-हळद वेगळी आणि त्यांच्या अर्काच्या गोळ्या वेगळ्या. असे अर्क किंवा जिंको वॉर्फरिनबरोबर घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. ‘झाडपाल्याचे औषध, अपाय कसला?’ हे म्हणणे फसवे आहे. खुद्द वॉर्फरिनचा शोध अमेरिकेत, कुजलेला चारा खाऊन रक्तस्रावाने मेलेल्या गुरांच्या अभ्यासातून लागला!

पण दोष एकट्या सासूबाईंच्या काढ्याला देऊन चालणार नाही. दवाखान्यात बाईला ‘घरी काय घेता?’ असे कुणी विचारते का? विचारलेच तर दरडावून. म्हणून ती लपवते. काढा देणारे वैद्यही चालू गोळ्यांची चौकशी करतातच असे नाही. वॉर्फरिन घेताना अंगावर पाजता येते, हे न सांगितल्याने दुधाच्या काळजीपोटी ती गोळ्याच बंद करते. पुढे इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळायच्या, पूजेसाठी पाळी लांबवणाऱ्या गोळ्या परस्पर घ्यायच्या नाहीत, हेही तिच्या कानावर जात नाही.

आपली मागणी साधी आहे. घरी पाठवताना बाईच्या हाती मराठीत लिहिलेला कागद द्या: कोणती गोळी, किती महिने, रक्ततपासणी कधी, काय विचारल्याशिवाय घ्यायचे नाही. आणि तो तिला वाचून, समजावून सांगा. नवऱ्याला नव्हे, तिला.