बनावट छायाचित्रे : नियम कठोर, पण वाव शिल्लक

रायपूरलगतच्या नवा रायपूर येथील आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत ऑक्टोबर २०२५ मध्ये एक गंभीर प्रकरण उघडकीस आले. एका विद्यार्थ्याने ३६ विद्यार्थिनींच्या साध्या छायाचित्रांवरून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने अश्लील प्रतिमा तयार केल्याचा आरोप आहे. संस्थेने त्याला निलंबित केले आणि पोलिसांनी अटक केली.

त्यानंतर केंद्र सरकारने नियम कडक केले. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ नुसार अशा प्रतिमा तक्रारीनंतर २४ तासांत हटवणे समाजमाध्यम कंपन्यांना बंधनकारक होते. २० फेब्रुवारी २०२६ पासून ही मुदत २ तासांवर आली. कृत्रिमरीत्या तयार केलेल्या मजकुरावर तशी स्पष्ट खूण हवी, तसेच प्रतिमा बनवण्याची साधने पुरवणाऱ्या कंपन्यांनी असा गैरवापर रोखणारी तांत्रिक व्यवस्था करावी, असेही बंधन आले.

हे पाऊल स्वागतार्ह असले, तरी रायपूरच्या प्रकरणाने पुढे आणलेला प्रश्न त्याने पूर्णपणे सुटत नाही. २ तासांची मुदत प्रतिमा प्रसारित झाल्यावर आणि तक्रार दाखल झाल्यावरच सुरू होते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६७ अश्लील मजकूर प्रकाशित वा प्रसारित करण्याला शिक्षा सांगते. तो केवळ तयार करून स्वतःजवळ बाळगण्याचा उल्लेख त्यात नाही. स्वतःच्या संगणकावर चालणाऱ्या साधनापर्यंत कंपन्यांवरील बंधन पोहोचणेही कठीण आहे.

वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ हा दुसरा आधार वाटतो. परंतु व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. विद्यार्थिनीने सर्वांसाठी खुले ठेवलेले छायाचित्र याच गटात मोडते. छायाचित्र पाहण्याची मुभा म्हणजे ते विकृत करण्याची परवानगी नव्हे, हे तत्त्व कायद्यात स्पष्ट शब्दांत येणे म्हणूनच आवश्यक ठरते.

तोपर्यंत शिक्षणसंस्थांची जबाबदारी मोठी आहे. अंतर्गत चौकशीत वेळ गेला तर पुरावा नष्ट होण्याचा धोका असतो. त्यामुळे पोलिसांना तत्काळ कळवणे आणि तक्रारदार विद्यार्थिनींची ओळख गुप्त राखणे महत्त्वाचे आहे. अशा प्रतिमांबाबत राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर नाव न सांगताही तक्रार करता येते. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी १९३०, तर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसारख्या ग्राहक तक्रारींसाठी १९१५ हा क्रमांक आहे.