कचऱ्याच्या डब्याजवळचे बूट

परवाच्या रविवारी ‘डाँकी काँग कंट्री 2’ पुन्हा शेवटपर्यंत खेळलो. रेअर कंपनीनं 1995 मध्ये निंटेंडोसाठी बनवलेला गेम. शेवटी व्हिडिओ गेममधल्या हीरोंचा सत्कार होतो. मारिओ, योशी ऐटीत उभे! आणि बाजूला कचऱ्याचा डबा, त्याच्याजवळ लाल बुटांची जोडी. कुणाची, हे वेगळं सांगायला नको. सेगाच्या सोनिकची! वर पाटी, ‘नो होपर्स’. म्हणजे, यांचं काही खरं नाही बॉस!

तेव्हा सेगा आणि निंटेंडो म्हणजे साप-मुंगूस. 1991 मध्ये सोनिकला आणलं तेच मारिओला टक्कर द्यायला. पण 2001 मध्ये सेगानं ड्रीमकास्टचं उत्पादन थांबवलं, कन्सोलचा धंदाच सोडला. त्याच वर्षी सोनिक चक्क निंटेंडोच्या गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवर धावायला लागला. 2007 मध्ये तर मारिओ आणि सोनिक एकाच ऑलिम्पिक गेममध्ये. बनवला कोणी? सेगानं! 2008 मध्ये निंटेंडोच्या ‘स्मॅश ब्रदर्स ब्रॉल’मध्येही सोनिकला मानाची एन्ट्री.

हे सगळं आठवून हसू आलं, आणि जरा ओशाळायलाही झालं. मागच्या नोकरीत क्लायंटसमोर कॉम्पिटिटरची खिल्ली उडवणारी स्लाइड मीच बनवायचो. आज माझा पगार त्याच कॉम्पिटिटरकडून येतो. इंटरव्ह्यूत नव्या बॉसनं त्या स्लाइडचा विषय काढलाच. माझा घसा कोरडा! तो हसला फक्त.

तेव्हा मंडळी, कुणाचे बूट कचऱ्यात टाकण्याआधी थोडं थांबा. उद्या त्याच्याच टीममधून धावायची वेळ येते.