टॉवर आहे, रेंज नाही

"अहो, डोंगराळ भाग आहे तो, तिथे रेंजचा प्रॉब्लेम असणारच!"

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते ऐकलं की कान तापतात. कस्टमर केअरवरची मुलं ते म्हणतात, सरकारी साहेब म्हणतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपलेच मुंबई-पुण्याचे नातेवाईक म्हणतात. गणपतीला पाच दिवस विजयदुर्गला यायचं, फोन हातात धरून अंगणभर फिरायचं, "काय बाई तुमचं गाव!" म्हणायचं आणि परत जायचं. जणू काही रेंज ही हापूससारखी निसर्गाची देणगी आहे. काही गावांच्या नशिबात असते, काहींच्या नसते.

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. माझं म्हणणं असं, की विजयदुर्गात फोन का लागत नाही याचं उत्तर भूगोलाच्या पुस्तकात शोधू नका, हिशोबाच्या वहीत शोधा.

आधी भूगोलाचं काय ते मान्य करतो. वर जांभ्याचा सडा, खाली उतारावर नि खाडीकाठी वस्ती, समोर वाघोटण खाडीचं मुख आणि पलीकडे राजापूर तालुका. सड्यावर उभं राहिलं तर फोनवर दांड्याच दांड्या, आणि खाली घरात आलं की शून्य. "फोन लागत नाय? मगे सड्यार जा!" हा आमच्याकडचा ठरलेला सल्ला. शिवाय खारा वारा लोखंड खातो, आणि पावसाळ्यात वीज जाते ती कधी येईल याचा नेम नाही. वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालतो. बॅटरी संपली की डिझेल जनरेटर, आणि डिझेल संपलेलं असेल तर टॉवर मान टाकतो. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली की वीज असूनही टॉवर मुका.

आता यातली कुठली अडचण अशी आहे की जिच्यावर इलाज माहीत नाही? उताराखाली सिग्नल पोचत नसेल तर खाली एक छोटा टॉवर लागतो. बॅटरी चार तास पुरत नसेल तर मोठी बॅटरी लागते. फायबर तुटत असेल तर दुसऱ्या वाटेने पर्यायी जोडणी लागते. यात संशोधन करण्यासारखं काही उरलेलं नाही, फक्त पैसे लागतात.

आणि खेड्यासाठी तंत्रज्ञान बनवणं आपल्याला जमत नाही असंही नाही. १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. तिथल्या इंजिनियरांनी १२८ लाइनींचं ग्रामीण एक्स्चेंज तयार केलं. परदेशी एक्स्चेंजना थंडगार एसी खोली लागायची, याला लागत नव्हती. धूळ, उकाडा, विजेचा लपंडाव हे सगळं गृहीत धरूनच ते बनवलं होतं. १९८६ साली कर्नाटकात कित्तूरला ते पहिल्यांदा बसलं. त्या लोकांनी गावाची अडचण हे कारण म्हणून सांगितलं नाही, तिथूनच कामाला सुरुवात केली. हे चाळीस वर्षांपूर्वी जमलं होतं, बरं का!

मग घोडं अडलं कुठे? परवान्यांत.

मोबाईल कंपनीला परवाना मिळतो तो 'सर्कल'चा. आपलं सर्कल महाराष्ट्र, त्यात गोवाही आलं, आणि मुंबई मात्र वेगळी. म्हणजे पुणे, नागपूर, पणजी आणि विजयदुर्ग एका पोत्यात. सुरुवातीच्या परवान्यांत जाळं पसरवण्याची अट काय होती? पहिल्या वर्षी १० टक्के जिल्हा मुख्यालयं आणि तीन वर्षांत ५० टक्के. जिल्हा मुख्यालयाऐवजी जिल्ह्यातलं दुसरं एखादं शहर घेतलं तरी चालेल. म्हणजे सिंधुदुर्ग जिल्हा अख्खा वगळूनही अट पूर्ण करता येत होती! विजयदुर्ग तर शहरही नाही. आमचं गाव त्या कागदावर कधी नव्हतंच.

सेवेच्या दर्जाचंही तेच. कॉल ड्रॉप किती, हे वर्षानुवर्षं सर्कलच्या सरासरीने मोजलं गेलं. पुण्यातले लाखो कॉल व्यवस्थित लागले की आमचे तुटलेले शंभर-दोनशे कॉल त्यात कुठे विरघळले ते कळणारही नाही. सरासरी उत्तम, कंपनी पास! २०२४ मध्ये ट्रायने नियम बदलले. आता एकेका सेलच्या पातळीवर कामगिरी बघायची आणि रेंजचे नकाशे वेबसाइटवर टाकायचे असं ठरलं. चांगलं झालं, मी टाळ्या वाजवतो. पण त्याच नियमांत भरपाईची जी तरतूद आहे ती वाचा. सेवा चोवीस तासांपेक्षा जास्त बंद राहिली तर पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला वाढीव दिवस, पण कधी? जिल्हा पातळीवरचा मोठा बिघाड असेल तर. सिंधुदुर्गाच्या एका टोकाला एक टॉवर चार दिवस मेलेला असेल तर तो जिल्हा पातळीवरचा बिघाड होतो का हो? मग आमच्या त्या चार दिवसांचे पैसे कुणाच्या खिशात गेले?

आणि पैसे तर आपण आगाऊ भरतो. महिना त्यांचा २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज. २०२२ मध्ये ट्रायला सांगावं लागलं की निदान एक तरी प्लॅन पूर्ण ३० दिवसांचा ठेवा. २०१८ च्या अखेरीपासून तर नुसते इनकमिंग चालू ठेवायलाही किमान रिचार्ज लागायला लागला. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला मुंबईच्या मुलाचा फोन घ्यायचा, एवढंच काम. त्याला डेटा नको, सिनेमे नकोत. अशा माणसासाठी फक्त बोलण्याचा नि एसएमएसचा वेगळा पॅक द्या, हे सांगायला डिसेंबर २०२४ उजाडला.

आता कंपन्यांची बाजू. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. या धंद्यात लोक बुडाले आहेत. २०१० च्या थ्रीजी लिलावात बोली आभाळाला भिडल्या, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने टूजीचे १२२ परवाने रद्द केले, २०१६ मध्ये जिओने फुकट डेटा वाटून सगळ्यांचे दर पाडले, आणि २४ ऑक्टोबर २०१९ च्या एजीआर निकालाने जुन्या थकबाकीचा डोंगर अंगावर घातला. एअरसेल गेली, रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाईल सेवा गेली, टाटांचा मोबाईल धंदा एअरटेलकडे गेला, आणि व्होडाफोन-आयडियामध्ये सरकारलाच थकबाकीपोटी भागधारक व्हावं लागलं. कर्जात बुडालेला माणूस विजयदुर्गला दुसरा टॉवर का बांधेल? जिथे एका टॉवरखाली हजारो गिऱ्हाइकं आहेत तिथेच बांधेल. धंदा म्हणून मला हे समजतं.

पण नेमकं याचसाठी एक हंडी आधीच भरून ठेवली होती ना! २००२ पासून कंपन्यांच्या उत्पन्नाचे ५ टक्के 'युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंडा'त जमा होतात. आता त्याचं नाव 'डिजिटल भारत निधी' झालं आहे. जिथे धंदा परवडत नाही तिथे सेवा द्यायला हा पैसा. तो शेवटी तुमच्या-माझ्या बिलातूनच जातो. त्यातले हजारो कोटी वर्षानुवर्षं खर्चच झाले नाहीत. म्हणजे औषधाचे पैसे घेतले, औषध दिलं नाही, आणि वर रोग्यालाच म्हणायचं, "तुमची प्रकृतीच नाजूक!"

"मग पोर्ट करा की दुसऱ्या कंपनीत," असं आमचे एक काका दर वेळी म्हणतात. स्पर्धा सगळं ठीक करते असा त्यांचा विश्वास आहे. काका, स्पर्धा बाजारात असते, सड्यावर नसते. घराच्या पडवीत एकाच कंपनीची अर्धी दांडी येत असेल तर निवड कसली? ती कंपनी बंद पडली की दुसरीचं सिम उपयोगाचं नाही आणि तिसरीचंही नाही.

राहिली बीएसएनएल. आमच्याकडे तिच्यावर अजून माया आहे, कारण पहिला फोन तिनेच दिला. पण तिचे हाल बघा. २०१० मध्ये लिलावात न उतरता लिलावाच्याच भावाने स्पेक्ट्रमचे सुमारे १८,५०० कोटी तिच्याकडून घेतले. फोरजी मात्र तिला वेळेवर दिलं नाही. जानेवारी २०२० च्या अखेरीस एका झटक्यात ७८ हजारांवर माणसं स्वेच्छानिवृत्तीने घरी गेली. त्यात खांबावर चढणारा, कुठली जोडणी कुठून गेली आहे हे डोळे मिटून सांगणारा लाइनमनही गेला. स्वदेशी फोरजीचं देशभर उद्घाटन झालं ते २७ सप्टेंबर २०२५ ला, तोपर्यंत खाजगी कंपन्या फाइव्हजी विकत होत्या. त्या फोरजीचा गाभा पुन्हा सी-डॉटचाच आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. पण नुसत्या आनंदावर फोन लागत नाही.

यावर कुणी म्हणेल, एवढा आरडाओरडा कशाला? चार दिवस फोन नसला तर काय बिघडतं? पूर्वी नव्हताच की!

पूर्वी नव्हता तेव्हा सरकार आणि बँक तो मागतही नव्हते. आता रेशनच्या मशीनला रेंज लागते. बँकेचा ओटीपी फोनवर येतो. २०२५ मध्ये लाडक्या बहिणींना ई-केवायसी करायला सांगितलं, तिथेही ओटीपी. मासळीचे नि आंब्याचे पैसे यूपीआयने. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं तेव्हा विजेचे खांब आडवे झाले आणि फोनही गेले. म्हणजे ज्या दिवशी "आम्ही सुखरूप आहोत" एवढे तीनच शब्द सांगायचे होते, नेमका त्याच दिवशी फोन बंद. मुंबईतल्या घराघरात त्या रात्री काय चाललं होतं ते इथल्या वाचकांपैकी अनेकांना आठवत असेल. फोन सक्तीचा केलात ना, मग तो चालू ठेवणं तुमच्यावर सक्तीचं का नाही?

माझी मागणी साधी आहे. एका कंपनीचा टॉवर बंद असेल किंवा तिथे नसेलच, तर गिऱ्हाइकाचा फोन आपोआप दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवर चालला पाहिजे. याला 'इन्ट्रा-सर्कल रोमिंग' म्हणतात.

"तांत्रिक अडचणी आहेत" असं लगेच उत्तर येईल. मुळीच नाहीत. १७ जानेवारी २०२५ ला केंद्र सरकारने स्वतःच हे सुरू केलं, पण फक्त निधीच्या पैशातून उभारलेल्या सुमारे २७ हजार टॉवरांपुरतं. आणि कंपन्यांनी तर याच्या खूप आधी केलं होतं! २०१० नंतर ज्या सर्कलमध्ये स्वतःचं थ्रीजी स्पेक्ट्रम नव्हतं, तिथे एअरटेल, व्होडाफोन आणि आयडियाने एकमेकांच्या जाळ्यावरून थ्रीजी विकलं. सरकारने हरकत घेतली तेव्हा त्या भांडल्या आणि २०१४ मध्ये टीडीसॅट या लवादात जिंकल्या. स्वतःच्या फायद्याचं होतं तेव्हा सगळं जमत होतं!

"आम्ही पैसे घालून टॉवर बांधायचा आणि वापरायचा दुसऱ्याने?" हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्याचंही उत्तर आहे. वापराप्रमाणे कंपन्यांनी एकमेकांना पैसे द्यावेत, दर ट्रायने ठरवावा. एका कंपनीचा कॉल दुसरीकडे उतरवण्यासाठी २०२० संपेपर्यंत असाच दर होता. आणि कमी वस्तीच्या ठिकाणी जे परवडणार नाही ते निधीतून भरावं. त्यासाठीच तो आहे. नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय जानेवारी २०११ मध्ये देशभर झाली, तीसुद्धा कुठल्या कंपनीने आपण होऊन दिली नव्हती. नियम आला, मग सगळ्यांना जमलं.

याच्या जोडीला आणखी एक. बिघाड टॉवरनिहाय मोजा आणि भरपाई त्या टॉवरखालच्या माणसांना द्या. जिल्ह्याच्या आड लपू नका.

आता थोडं आपल्याच लोकांबद्दल. मुंबईकर नातेवाईकहो, तुम्ही पाच दिवस चिडता आणि अकरा महिने विसरता. आणि आम्ही गाववाले सड्यावर जाऊन बोलतो नि गप्प बसतो. सड्यावर जायची सवय झाली हेच कंपनीच्या पथ्यावर पडतं. तक्रारच नाही, म्हणजे बिघाडही नाही!

म्हणून एक सुचवतो. गावात एखाद्या दुकानात एक वही ठेवू या. टॉवर कधी गेला, कधी आला, तारीख, वेळ, कंपनी, एवढंच लिहायचं. दर तक्रारीचा नंबर मागून घ्यायचा आणि तोही त्यात टिपायचा. पावसाळ्याचे चार महिने भरले की त्याची प्रत ग्रामसभेच्या ठरावासोबत दूरसंचार खात्याला, ट्रायला आणि खासदारांना. शहरातल्या मंडळींनी टायपिंग नि पाठपुरावा करायचा, तुमची रेंज चांगली आहे! :)

वहीसाठी दुकान कुठलं ते गावात ठरवू. देवगड, मालवण, राजापूरकडच्या ब्लॉगर दोस्तांनीही आपापल्या गावात हे सुरू केलं तर चार वह्या एकत्र पाठवता येतील. कोण कोण आहे?

ता. क. : प्रतिक्रियेत "डोंगराळ भाग आहे" असं लिहिणाऱ्याला पुढच्या मे महिन्यात आंबे मिळणार नाहीत.