बंदुकीच्या छायेतील कौल

सार्वमत हा शब्द कानी पडला की लोकशाहीचा अभिमानी माणूस आपोआप नतमस्तक होतो. परंतु कौल कोणी मागितला व कोणाकडून मागितला, हे विचारल्याखेरीज त्या शब्दाला मान देता येत नाही. बोस्नियातील युद्ध चालू असताना २७ व २८ ऑगस्ट १९९४ रोजी सर्बांच्या ताब्यातील प्रदेशात झालेले सार्वमत या कसोटीवर घासून पाहावे.

अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स व जर्मनी यांच्या गटाने तोडगा सुचविला होता : ५१ टक्के भूमी मुसलमान व क्रोएट यांच्या संघराज्याकडे, ४९ टक्के सर्बांकडे. सर्ब सैन्याच्या हाती तेव्हा सुमारे ७० टक्के भूमी होती. सर्बांचे पाठीराखे मिलोसेविच यांनीच योजना स्वीकारण्याचा आग्रह धरला आणि तो मानला जाईना तेव्हा बोस्नियातील सर्बांची सीमा बंद केली. कराजिच यांनी जनतेला पुढे केले. नव्वद टक्क्यांहून अधिक मते योजनेविरुद्ध पडली. मे १९९३ मध्ये व्हान्स-ओवेन योजनाही अशाच सार्वमताने धुडकावली गेली होती.

पण ही जनता कोणती? झ्वोर्निक व फोचा येथे १९९१ च्या जनगणनेत मुसलमान बहुसंख्य होते. १९९२ मध्ये त्यांना ठार मारण्यात आले वा हाकलून देण्यात आले. बळकावलेले शेत परत द्यावे की नाही, याचा कौल बळकावणाऱ्याच्याच घरी घेण्याचा हा प्रकार होता! सामान्य सर्ब मतदाराला मात्र सर्वस्वी दोषी धरता येणार नाही. नकाराची किंमत मतपत्रिकेवर छापलेली नसते.

ती किंमत पुढे वसूल झाली. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा येथे आठ हजारांहून अधिक मुसलमान पुरुष व मुलगे मारले गेले. त्या उन्हाळ्यात व शरदात सर्बांचीही भूमी झपाट्याने हातची गेली आणि नोव्हेंबरात डेटन येथे वाटणी ठरली, ती पुन्हा ५१ व ४९ टक्क्यांचीच. नकाशा बदलला हे खरे : स्रेब्रेनित्सा सर्बांकडे राहिले, सारायेव्होची सर्ब उपनगरे गेली. १९९६ च्या आरंभी तेथील हजारो सर्ब कुटुंबे बाहेर पडली; काहींनी स्वतःची घरे पेटवून दिली.

डेटनच्या ४९ टक्क्यांवर मात्र सर्ब नेत्यांनी सार्वमत घेतले नाही.