मद्यासक्तीवर सायलोसायबिन : आशा आणि मर्यादा

मद्यासक्तीच्या उपचारांत भ्रम निर्माण करणाऱ्या द्रव्यांचा उपयोग करता येईल का, हा प्रश्न वैद्यकशास्त्रापुढे पुन्हा उभा राहिला आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये 'जामा सायकियाट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेली अमेरिकेतील चाचणी त्याला निमित्त ठरली.

न्यूयॉर्क विद्यापीठातील डॉ. मायकेल बोगेनशुट्झ यांच्या नेतृत्वाखालील या चाचणीत ९३ रुग्णांना १२ आठवडे मानसोपचार देण्यात आले. त्या काळात काहींना दोन वेळा सायलोसायबिन हे विशिष्ट अळंबीत आढळणारे द्रव्य, तर इतरांना डायफेनहायड्रामिन हे अ‍ॅलर्जीवरील औषध देण्यात आले. पुढील ३२ आठवड्यांत अतिमद्यपानाच्या दिवसांचे प्रमाण पहिल्या गटात ९.७ टक्के, तर दुसऱ्या गटात २३.६ टक्के आढळले.

ही कल्पना नवी नाही. १९५० च्या दशकात कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात डॉ. हम्फ्री ऑस्मंड यांनी मद्यासक्त रुग्णांवर एलएसडीचे प्रयोग केले होते. अशा सहा जुन्या चाचण्यांतील ५३६ रुग्णांच्या माहितीचे विश्लेषण २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. एलएसडी घेतलेल्यांपैकी ५९ टक्के, तर इतरांपैकी ३८ टक्के रुग्णांत सुधारणा दिसली. मात्र वर्षअखेरीस हा फरक ठळक राहिला नाही. १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर निर्बंध कडक झाले आणि संशोधन मंदावले.

नव्या चाचणीलाही मर्यादा आहेत. आपल्याला कोणते औषध मिळाले, हे बहुतेक रुग्णांनी अचूक ओळखले. त्यामुळे औषधाचा गुण किती आणि अपेक्षेचा परिणाम किती, हे वेगळे करणे कठीण ठरते. शिवाय गंभीर मनोविकार असलेल्यांना हे द्रव्य धोकादायक ठरू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आघातोत्तर तणावावरील एमडीएमए उपचारांना ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता नाकारून आणखी एक चाचणी मागितली, ही बाबही सूचक आहे.

भारतात सायलोसायबिन १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत येते. देशापुढील तातडीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सर्वेक्षणाच्या २०१९ मधील अहवालानुसार, मद्यपानाशी निगडित समस्यांसाठी ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांना मदतीची गरज आहे. मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ पैकी एकालाच कोणतेही उपचार मिळतात. नाल्ट्रेक्झोन, डायसल्फिरामसारखी मान्यताप्राप्त औषधे आणि समुपदेशन उपलब्ध असूनही ही स्थिती आहे. नव्या औषधाची प्रतीक्षा करताना, असलेले उपचार गरजूंपर्यंत पोहोचविणे अधिक निकडीचे ठरते.