पहिली दिवाळी

दिवाळीचा एकेक दिवस आपल्या पूर्वजांनी एकेका नात्याला वाटून दिला आहे. वसुबारसेला गाय-वासरू, म्हणजे आई आणि मूल. पाडव्याला नवरा-बायको. भाऊबीजेला बहीण-भाऊ. मध्ये लक्ष्मीपूजनाला तेवढी पैशाअडक्याची आठवण. बाकीचे सण देवादिकांचे. हा सण नात्यागोत्याचा. म्हणून ज्याला नाती आहेत त्याला दिवाळी गोड लागते, आणि ज्याला नाहीत त्याला वर्षातल्या इतर कोणत्याही दिवसापेक्षा ती अधिक बोचते.

पण ज्या घरात एखादे नाते जन्माने नव्हे, सरकारी कागदाच्या वाटेने आले असेल, त्या घराची दिवाळी कशी असते? हा प्रश्न मला बरेच जण अडून अडून विचारतात. यंदा त्याचे सरळ उत्तर देऊन टाकावे म्हणते. आमचा मुलगा आमच्या पोटचा. मुलगी आमच्या घरी २०१९ च्या श्रावणात आली, तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि मुलगा नऊ वर्षांचा. त्या वर्षीची दिवाळी आली तरी कोर्टाचा हुकूम यायचा होता. कागदोपत्री ती आमच्याकडे "दत्तकपूर्व संगोपना"साठी होती. कागदाला तसे म्हणू दे. घरात मात्र तिच्या नावाचा टॉवेल दांडीवर पडला होता.

वसुबारसेच्या संध्याकाळी यांचे एक मित्र सपत्नीक फराळाचा डबा घेऊन आले. बेल वाजताच मुलगी आतून धावत आली, दाराशेजारच्या भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली आणि हात जोडून एका सुरात म्हणाली, "नमस्कार काका, नमस्कार काकू, आम्हांला खाऊ दिल्याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत." मग आपल्या शेजारी कोणीच उभे नाही हे तिच्या लक्षात आले. तिने माझ्या मुलाचा हात धरून त्याला आपल्या रांगेत ओढले. तोही बिचारा हात जोडून उभा राहिला. पाहुण्यांना हसावे की काय करावे ते कळेना. ते आत येऊन बसले तरी ही जागची हलेना. तिच्या हिशेबी फोटो काढायचा राहिला होता!

यात संस्थेचा दोष नाही. तिथल्या मावश्यांनी तिला न्हाऊमाखू घातले, शहाणे केले, दुखण्याखुपण्यात उशाशी रात्री काढल्या. देणाऱ्यांचाही दोष नाही. दिवाळीत फराळ आणि कपडे घेऊन बालगृहात जाणारी माणसे मनाने चांगलीच असतात. पण त्या मुलांना दिवाळी म्हणजे काय दिसते ते पाहा. दिवाळीत अनोळखी माणसे येतात, डबे देतात, डोक्यावरून हात फिरवतात, फोटो काढतात आणि जातात. पुन्हा येतीलच असे नाही. दिवाळी ही कोणीतरी देण्याची आणि आपण घेण्याची गोष्ट आहे, हे त्या पोरीला पाच वर्षांत पक्के ठाऊक झाले होते.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मला त्याचा आणखी एक पुरावा मिळाला. करंज्यांचे सारण बघून तिने विचारले, "हे काय?" मी सांगितले. तिने करंजी कितीदा तरी खाल्ली होती. पण ती आधी पोळीसारखी लाटतात, तिच्यात सारण भरतात आणि कडेने कातण फिरवतात, हे तिने कधी पाहिले नव्हते. चकली सोऱ्यातून गोल गोल उतरते हे पाहून तर ती टाळ्या पिटू लागली. फराळ डब्यात जन्मतो अशीच तिची समजूत असावी. मी तिला पाटावर बसवून कातण तिच्या हातात दिले. पहिल्या पाच-सहा करंज्या तळताना फुटल्या, तेलात सारण पसरले. सासूबाई नुसत्या म्हणाल्या, "राहू दे. फुटक्या आपल्या घरच्या, धड पाहुण्यांच्या." आमच्याकडे तो नियम आजही आहे, आणि फुटक्या करंजीवर दोन्ही मुलांची भांडणे होतात.

त्या रात्री तिच्या उशीखाली दोन चकल्या आणि एक बेसनाचा लाडू सापडला. कोणी तिला रागावले नाही. सासूबाईंनी एक छोटा पितळी डबा घासूनपुसून तिला दिला आणि सांगितले, "हा तुझा. रिकामा झाला की माझ्याकडे आणायचा." तिने तो त्या दिवाळीत रोज चारचारदा आणला. पुढच्या वर्षी डबा कुठे ठेवला आहे हे तिलाच आठवेना. एवढ्यावरून काय ते समजावे.

सासूबाईंचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर, सोवळेओवळे पाळणाऱ्या. नातेवाइकांना खरी उत्सुकता होती ती त्या काय करतात याची. नरकचतुर्दशीच्या पहाटे प्रश्न आला तो असा. तान्ह्या बाळाची पहिली दिवाळी आपल्याकडे कौतुकाने करतात. पाच वर्षांच्या मुलीची "पहिली दिवाळी" म्हणायची का? लांबच्या एक आत्याबाई मुक्कामाला होत्या. त्यांनी शंका काढली. सासूबाई उटणे कालवता कालवता म्हणाल्या, "घरातली पहिली ना? मग पहिलीच." आणि त्यांनी पोरीला पाटावर बसवून तेल लावले, उटणे लावले, अर्ध्या न्हाण्यात ओवाळले. कारीट फोडायला ती आधी घाबरली; भावाने फोडलेले पाहिल्यावर तिने अंगठ्याने असे चिरडले की बिया थेट आत्याबाईंच्या लुगड्यावर!

मराठी शिकवण्यात उभी हयात चालली असल्यामुळे माणसे काय बोलतात याकडे माझा कान जरा जास्त जातो. पाहुण्यांचे शब्द दोन प्रकारचे असतात. "केवढं पुण्य केलंत हो!" हा पहिला प्रकार. यात मुलीला आपण दान दिल्याचा आव आहे, आणि दान घेणाऱ्याने जन्मभर हात जोडून उभे राहावे अशी अपेक्षाही आहे. ती रांग मोडायलाच तर तिला घरी आणले! "कोणावर गेलीय म्हणायची?" हा दुसरा. आमच्याकडे त्याचे उत्तर ठरलेले आहे: हट्टात बापावर, बोलण्यात आईवर.

"दत्तक" या शब्दात "दत्त" आहे, म्हणजे दिलेले. मुलाला कोणी तरी दिले आणि कोणी तरी घेतले, एवढेच तो शब्द सांगतो. त्याच्या विरुद्ध आपण "औरस" शब्द वापरतो आणि त्याचा अर्थ "पोटचा" असा करतो. पण औरस हा शब्द "उरस्" पासून आला आहे. उर म्हणजे छाती. शास्त्रकारांनी व्याख्या काहीही केली असो, शब्दाच्या पोटात पोट नाही, ऊर आहे. दुपारी झोपताना जे पोर माझ्या उराशी डोके खुपसते त्याला दुसरे काय म्हणायचे, ते व्याकरणकारांनी मला सांगावे.

जुन्या काळी दत्तक घेत ते घराण्यासाठी. वंश चालावा, पिंडदान व्हावे, गादी राहावी. साताऱ्याच्या छत्रपतींचा दत्तक इंग्रजांनी मानला नाही आणि १८४८ मध्ये राज्य खालसा केले. झाशीचे दामोदरराव १८५३ मध्ये दत्तक गेले आणि पुढच्याच वर्षी झाशी गेली. उलट बडोद्याने १८७५ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला आणि महाराष्ट्राला सयाजीराव महाराज मिळाले. सर्वत्र गरज घराची. मूल त्या गरजेचे साधन. याच्या नेमके उलटे महाराष्ट्रात एका घराने करून दाखवले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि तिथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला. १८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा, चरित्रकार सांगतात, दत्तकाने टिटवे धरू नये म्हणून भाऊबंद आडवे आले, आणि सावित्रीबाईंनी ते स्वतः हातात घेतले. १८९७ च्या प्लेगात त्याच यशवंताच्या बरोबरीने रुग्णांची सेवा करताना त्या गेल्या. पोटच्या मुलाने याहून वेगळी साथ ती काय द्यायची?

कायदा त्या वाटेने हळूहळू आला. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने मुलगीही मुलासारखीच दत्तक घेता येईल असे स्पष्ट केले. पण विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने दत्तक घेण्याचा हक्क २०१० मध्ये मिळाला! २०१५ च्या बालन्याय कायद्याने धर्म न विचारता दत्तकाची वाट सर्वांना खुली ठेवली आहे. अर्ज "कारा" या केंद्रीय प्राधिकरणाकडे ऑनलाइन करायचा, समाजसेविका घरी येऊन पाहणी करतात, आणि मूल आल्यावरही दोन वर्षे दर सहा महिन्यांनी विचारपूस होते. आमचा हुकूम कोर्टाने दिला. २०२२ च्या सप्टेंबरपासून तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला आहे. या सगळ्यात प्रश्न एकच विचारला जातो: हे घर या मुलाला योग्य आहे का? घराला मूल नव्हे, मुलाला घर. दीडशे वर्षांत एवढा पालट झाला, हे काही थोडे नव्हे.

पण कायद्याला न सुटणारा एक प्रश्न राहतो, आणि तो नेमका दिवाळीतच वर येतो. तिसऱ्या वर्षीच्या भाऊबीजेच्या रात्री, पणत्या शांत होत आल्या होत्या, तेव्हा मुलीने मला विचारले, "आई, मी जिच्या पोटात होते ना, तिच्याकडे पण दिवाळी असते?"

आमच्या ओळखीची काही घरे हा प्रश्न येऊच नये म्हणून मुलाला काही सांगतच नाहीत. आम्ही पहिल्यापासून सांगत आलो, तेही मुद्दाम जवळ बसवून नव्हे, भाजी निवडताना, वेणी घालताना. कारण ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून, एखाद्या लग्नाच्या पंगतीत कळले, तर आईबापांचे इतर सगळे शब्द खोटे ठरतात. तरीही त्या रात्री माझ्या घशात आवंढा आला. मूल सोपवणाऱ्या आईला कायदा विचार बदलण्यासाठी ६० दिवस देतो. ते ६० दिवस त्या बाईने कसे काढले असतील, की तिला ते मिळालेच नाहीत, हे मला कधी कळणार नाही. मी म्हणाले, "असेल. मला माहीत नाही, पण असावी असं मला वाटतं." ती म्हणाली, "मग तिच्याकडे करंज्या कोण करतं?" मी म्हणाले, "तेही माहीत नाही गं." तिने थोडा विचार केला आणि झोपली. मोठी झाल्यावर तिला आपल्या मुळाचा शोध घ्यावासा वाटला तर रीतसर अर्ज करण्याची सोय नियमांत आहे; हे तिला आम्ही सांगून ठेवले आहे. ती गेली तर मी बरोबर जाईन. भीती वाटत नाही असे नाही. पण उत्तर देता येत नाही म्हणून प्रश्नच विचारू द्यायचा नाही, ही रीत वर्गात चालत नाही, तशी घरातही चालू नये.

भावाचेही सांगायला हवे, कारण अशा घरात सर्वांचे लक्ष नव्या मुलाकडे असते आणि जुने मूल मुकाट कोपऱ्यात उभे राहते. पहिल्या भाऊबीजेला तिने ओवाळले, याने आपल्या खाऊच्या पैशांतून पन्नास रुपये तबकात टाकले. तिने हळूच विचारले, "हे परत कधी द्यायचे?" तो म्हणाला, "येडी आहेस का? ओवाळणी परत नसते." पुढच्या वर्षी तिने पन्नासाचे शंभर मागितले. त्यावरून दोघे दिवसभर भांडले, आणि संध्याकाळी सासूबाई मला म्हणाल्या, "आता झाली हो बहीण-भावंडं!"

आता वाचकांना दोन शब्द. या दिवाळीत तुम्ही अशा एखाद्या घरी जाल, तर त्या मुलासमोर त्याचे नशीब आणि त्याच्या आईबापांचे पुण्य काढू नका. भावाला शर्ट आणि बहिणीला फ्रॉक आणत असाल तर दोन्ही एकाच दुकानातले आणा. मुलाने स्वतः सांगितल्याशिवाय त्याची जन्मकथा विचारू नका; ती त्याची मालमत्ता आहे. आणि बालगृहात फराळ घेऊन जाणार असाल तर जरूर जा. पण जमले तर तयार डबे नेण्याऐवजी रव्याची पिशवी, सारण आणि चार कातणी घेऊन जा, मुलांना पाटावर बसवा, आणि करंज्या फुटल्या तर फुटू द्या. फोटो काढायचा राहिला तरी काही बिघडत नाही.