वटार ते जेद्दा : अंतर तेच, वेळ मात्र वेगळी

रमजानमध्ये उमऱ्याला जाणाऱ्यांची गर्दी वाढते. वसई-सोपारा परिसरातल्या घरांतही बॅगा भरल्या जातात आणि प्रश्न येतो, ‘मुंबईहून जेद्दा किती तास?’ उत्तर वाटते तितके सोपे नाही.

दोन्ही विमानतळांमधले हवाई अंतर सुमारे 3,500 किलोमीटर आहे. थेट विमान जाताना साधारण साडेपाच तास घेते, परतताना त्याहून कमी. उंचावरचा पश्चिमी वारा जाताना समोरून येतो, येताना पाठीशी असतो. 1995 पर्यंत मुंबईहून हाजींना नेणारी जहाजे 2,300 सागरी मैलांच्या याच प्रवासाला बारा-पंधरा दिवस घेत. वडीलधाऱ्यांना ते दिवस आठवतात.

आज वेळ ठरवते ती राजकारणाची हवा. 24 एप्रिल 2025 ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. जेद्दाचा मार्ग अरबी समुद्र आणि ओमानवरून जातो, म्हणून त्याला फारशी झळ बसली नाही. पण वटार, निर्मळ, नंदाखालची जी मुले युरोपात आहेत, त्यांना भारतीय कंपनीच्या विमानाने घरी यायला वळसा पडू लागला. वळसा म्हणजे जादा इंधन, आणि इंधनाचा भार शेवटी तिकिटावर येतो. जूनमध्ये इराण-इस्रायल युद्ध पेटले आणि 23 जूनला कतारनेही काही तास आकाश बंद ठेवले. स्वस्त पडते म्हणून दोहामार्गे तिकीट काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

जमिनीवरचा हिशेब वेगळाच. वटारहून सहारचा विमानतळ पन्नास-साठ किलोमीटर. पण महामार्गावर कोंडी असली की दोन तास कुठेच गेले नाहीत. त्यात विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचे. म्हणजे विमान उडण्याआधीच पाच तास खर्ची पडतात, जवळजवळ जेद्दा गाठण्याइतके!

आणि रोजा? घड्याळात भारत सौदीपेक्षा अडीच तास पुढे आहे. सूर्याच्या हिशेबाने मात्र रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटे. मुंबई-जेद्दामध्ये सुमारे 34 अंश, म्हणजे सव्वादोन तास. दुपारच्या विमानाने निघालेल्या रोजेदाराचा दिवस तेवढा लांबतो. मुंबईत इफ्तार झाली तरी विमानाच्या खिडकीत ऊन असते, आणि रोजा तिथला सूर्य मावळल्यावरच सोडायचा. परतताना उलट, दिवस आखूड होतो.

मुसाफिराला रोजा पुढे ढकलून नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. मधुमेह असलेल्या किंवा वयस्क मंडळींनी ती घेण्यात कमीपणा मानू नये. तिकीट काढताना नुसते भाडे पाहू नका. घरातून निघण्यापासून मुक्कामी टेकण्यापर्यंतचे तास मोजा, आणि आई-वडिलांना पाठवत असाल तर आधी त्यांच्या तब्येतीचा विचार करा.